गाडी गरम होते तेव्हा: कूलंट आणि हीटरचे दोष ओळखण्याचा व दुरुस्त करण्याचा क्रम

उन्हाळ्यात कसारा, खंडाळा किंवा खंबाटकीचा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. वाफ निघत असते, कोणीतरी बाटलीने पाणी ओतत असतो आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा मार्गाला लागते. दोष मात्र गाडीबरोबरच पुढे जातो. पाणी कमी झाले म्हणून इंजिन तापले एवढे बहुतेकांच्या लक्षात येते. पण बंदिस्त व्यवस्थेतले पाणी गेले कुठे, याचा शोध घेतला जात नाही. हा लेख पाण्याने थंड होणाऱ्या साध्या पेट्रोल किंवा डिझेल मोटारीबद्दल आहे, आणि ज्यांनी आजवर काचेवर मारायचे पाणी भरण्यापलीकडे बॉनेट उघडलेले नाही, त्यांच्यासाठी लिहिला आहे. यात निदानाच्या क्रमावर अधिक भर दिला आहे, कारण आधी थर्मोस्टॅट, मग पंप, मग रेडिएटर असे अंदाजाने भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि बऱ्याचदा मूळ कारण दोनशे रुपयांच्या रिलेत, म्हणजे पंख्याची वीज जोडणाऱ्या छोट्या स्विचमध्ये, सापडते.

पाणी फिरते कसे

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाणी व ग्लायकॉलच्या मिश्रणाला, बाहेर वाहून न्यावी लागते. वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या ब्लॉकमधून (खालच्या मुख्य भागातून) व हेडमधून (त्यावर बसणाऱ्या वरच्या भागातून) ढकलतो. इंजिन थंड असते तोवर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, आणि कूलंट सुमारे ८२ ते ९० अंश सेल्सिअसला पोहोचले की थर्मोस्टॅटमधील मेण वितळून फुगते व झडप उघडते. मग तापलेले कूलंट रेडिएटरमधून जाऊन थंड होऊन परतते. नेहमी विसरली जाणारी गोष्ट अशी की याच कूलंटची एक शाखा डॅशबोर्डमागे असलेल्या छोट्या रेडिएटरकडे, म्हणजे हीटरच्या जाळीकडे जाते. हीटरला वेगळे इंधन किंवा वेगळी वीज लागत नाही. इंजिनाची वाया जाणारी उष्णताच तो आत आणतो. म्हणून कूलिंग आणि हीटिंग या दोन व्यवस्था नसून एकाच पाण्याच्या दोन वाटा आहेत, आणि एकीचा दोष दुसरीत दिसतो.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाचे काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे आहे. साधारणतः ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या पुढेच उकळते. निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट त्याहूनही उशिरा. झाकणाचे रबर कडक होऊन दाब निसटू लागला की ही सवलत संपते. महाबळेश्वराच्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे शहरात निभावून नेणारे कमकुवत झाकण घाटमाथ्यावर दगा देते. झाकण हा या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असूनही तो बदलण्याचे सर्वांत शेवटी सुचते, याचे नवल वाटते.

रस्त्यात तापमानाचा काटा वर गेला तर

प्रथम एसी बंद करावा, हीटरचे बटण पूर्ण लाल टोकाला न्यावे आणि ब्लोअर मोठ्यात मोठ्या वेगावर ठेवून खिडक्या उघडाव्यात. मे महिन्यात हा उपाय ऐकायलाही नकोसा वाटतो, पण हीटरची जाळी त्या क्षणी दुसऱ्या रेडिएटरचे काम करते आणि सुरक्षित जागा मिळेपर्यंत थोडा वेळ मिळवून देते. तरीही काटा लाल पट्ट्यात शिरला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ हा विचार फार महागात पडतो, कारण ॲल्युमिनियमचे हेड वाकायला काही मिनिटे पुरतात. अलीकडच्या कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, केवळ दिवा असतो. तो लागला म्हणजे इशारा मिळाला असे न समजता मर्यादा ओलांडली गेली असे समजावे.

त्यानंतर किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. गरम झाकण उघडताच दाब एकदम सुटतो, आतले पाणी क्षणात उकळून चेहऱ्यावर व हातांवर उसळते आणि गंभीर भाजते. वरचा रबरी पाइप हाताला मऊ व कोमट लागू लागल्यावर झाकणावर जाड फडके ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, दाब निघून जाऊ द्यावा आणि मगच पूर्ण उघडावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी मारू नये, आणि आतही एकदम ओतू नये.

कधी गरम होते, ते आधी लिहून काढावे

मेकॅनिकला ‘गाडी गरम होते’ एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगण्यासारखे आहे. गाडी कोणत्या परिस्थितीत तापते यावरून अर्धे निदान होते. सिग्नलला किंवा वाहतुकीच्या कोंडीत काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर उतरत असेल, तर रेडिएटरवरचा पंखा चालत नाही असा संशय प्रथम घ्यावा, कारण चालत्या गाडीला वाऱ्याची मदत असते व उभ्या गाडीला नसते. याउलट शहरात सर्व ठीक असून द्रुतगती मार्गावर किंवा लांब चढावर काटा चढत असेल, तर पंखा निर्दोष असण्याची शक्यता अधिक. तिथे कूलंटचा प्रवाह अपुरा पडतो आहे. रेडिएटर आतून क्षारांनी बुजलेला असतो, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असतो, पंपाची पाती झिजलेली असतात किंवा खालचा मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीने चपटा होत असतो.

सकाळी इंजिन सुरू केल्यावर चारपाच मिनिटांतच तापमान मर्यादेबाहेर जात असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा कूलंट फारच कमी आहे. काटा वर-खाली डोलत असेल, तर आत हवा अडकली आहे असे मानून चालावे. आणि काटा कधी मधल्या खुणेपर्यंत पोहोचतच नसेल, तर तेही सुलक्षण नव्हे: थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे, इंजिन कायम थंड चालते आहे आणि पेट्रोल जास्त जाते आहे. गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यास अशा वेळी बहुधा पी०१२८ हा कोड मिळतो. साधा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलवर कूलंटचे तापमान अंशांत दाखवतो, त्यामुळे काटा नसलेल्या गाडीच्या मालकाने तो जवळ ठेवावा.

हीटरची साक्ष

महाराष्ट्रात हीटरचे बटण वर्षातून चार-दोनदाच फिरते, त्यामुळे निदानाचे हे फुकटचे साधन वापरायचे राहून जाते. इंजिन तापलेले असताना हीटर पूर्ण चालू करून हवेला हात लावून पाहावा. काटा वर आहे आणि हवा मात्र थंड येत आहे, असे असेल तर हीटरच्या जाळीपर्यंत गरम कूलंट पोहोचतच नाही. म्हणजे पातळी खाली गेली आहे, हवा अडकली आहे किंवा पंप पाणी ढकलत नाही. या अवस्थेत इंजिन चालवणे सर्वांत धोक्याचे, कारण काट्याचा सेन्सर कोरडा पडला की तो खोटे, कमी तापमानही दाखवू शकतो. काटा वर आहे आणि हवाही चटका देणारी आहे, तर कूलंट फिरते आहे पण त्यातील उष्णता बाहेर टाकली जात नाही. म्हणून पंख्याकडे व रेडिएटरकडे वळावे. या एका तपासणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

थंड इंजिनावरची तपासणी

ही तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी करावी. रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर ते उघडून कूलंट काठापर्यंत आहे का ते पाहावे. केवळ बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नये, कारण झाकणाची झडप बिघडली की बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा अशी स्थिती होते. ज्या गाड्यांत दाबाखालची टाकी हीच मुख्य आहे, तिथे तिच्यावरच्या किमान व कमाल रेषा पुरेशा आहेत. कूलंट तांबूस, गढूळ दिसले तर आत गंज आहे. त्यावर तेलाचा तवंग किंवा दह्यासारखा थर दिसला, तर पुढील सर्व पायऱ्या सोडून शेवटचा भाग वाचावा.

गळती शोधताना पाण्याच्या थेंबापेक्षा त्याने मागे ठेवलेला डाग अधिक उपयोगी पडतो. कूलंट वाळले की हिरवट, गुलाबी किंवा पांढरा कोरडा थर उरतो. पाइपांची टोके व क्लिपा, रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते ती कड, थर्मोस्टॅटच्या घराचा (आवरणाचा) सांधा, आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचे छोटे छिद्र या जागा टॉर्चने पाहाव्यात. पंपाचे ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून ओघळ दिसला म्हणजे आतले सील गेले असून पंप बदलावा लागेल, ते छिद्र बुजवणे हा उपाय नव्हे. डोळ्यांना काहीच सापडले नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्यावी. झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून पंधरा मिनिटे काटा स्थिर राहतो का ते पाहतात. झाकणही त्याच उपकरणावर तपासता येते, आणि ते आवर्जून करून घ्यावे.

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना ट्रकवाल्यांचा तोडगा आणि बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पुड्या यांची जात एकच. गावापासून दूर अडकल्यास त्याने घर गाठता येते हे खरे, परंतु छिद्र बुजवणारा पदार्थ हीटरच्या जाळीतील बारीक नळ्याही तितक्याच तत्परतेने बुजवतो.

पंखा

इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच पंखा फिरू लागतो. तो फिरला तर मोटर ठीक आहे, आणि एसीविना तापल्यावर फिरत नसेल तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर पाहावी. मुळीच फिरला नाही, तर आधी फ्यूज तपासावा, मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा, असतो; दोघांची अदलाबदल करून पाहिल्यास एका मिनिटात उत्तर मिळते. त्यानेही फरक पडला नाही, तर पंख्याचा प्लग काढून फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीतून थेट बारा व्होल्ट द्यावे. तरीही तो स्तब्ध राहिला तर मोटर जळाली आहे. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, म्हणून ही कामे करताना बोटे, ओढणी, गळ्यातील साखळी पात्यांपासून दूर ठेवावी आणि शक्य तिथे बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी.

पंखा ‘डायरेक्ट’ करून देण्याची, म्हणजे किल्ली लावताच तो कायम फिरत राहील अशी वायर ओढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रात्री घर गाठण्यापुरती ती चालेल. कायमची दुरुस्ती म्हणून ती स्वीकारू नये, कारण मोटर लवकर झिजते आणि बिघडलेला सेन्सर तसाच लपून राहतो.

थर्मोस्टॅट

थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपाला अधूनमधून हात लावावा. बराच वेळ तो थंड राहून मग एकाएकी तापला, तर झडप वेळेवर उघडते आहे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर ती उघडीच आहे, आणि काटा चढूनही पाइप थंडच राहिला तर बंद आहे. थर्मोस्टॅट हाती आल्यावर स्वयंपाकघरातही तपासता येतो: निकामी पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगावा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे आणि त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप उघडते का ते पाहावे.

बदलताना थोडे कूलंट काढून घ्यावे, घराचे दोन-तीन बोल्ट सोडावेत, जुन्या गॅस्केटचे (सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पट्टीचे) अवशेष ॲल्युमिनियमला ओरखडे न पाडता काढावेत, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी आणि बारीक हलती पिन असल्यास ती वर येईल असा नवा थर्मोस्टॅट बसवावा. बोल्ट आलटून पालटून, बेताने आवळावेत. ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नये. थर्मोस्टॅटविना इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त जळते, हीटर निरुपयोगी होतो, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तिथे तर बरेचसे पाणी रेडिएटर चुकवून फिरत राहते व गाडी आणखी तापते.

रेडिएटर आणि पंप

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असतो आणि या दोघांच्या फटीत चिखल, किडे, कापसाचे तंतू साचतात. इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने मध्यम धारेने पाणी मारावे. गाडी धुण्याच्या जोरदार गनने नाजूक पाती आडवी होतात. आतील अडथळा ओळखण्यासाठी तापलेल्या रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवावा. आजूबाजूला गरम आणि मध्येच थंड पट्टा आढळला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेल्या गाड्यांत हे सर्रास होते, आणि प्लास्टिक टाक्यांच्या आजच्या रेडिएटरला जुन्या पितळी रेडिएटरसारखे उघडून सळई मारण्यापेक्षा नवा बसवणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

पंपाबाबत ओघळ, बेअरिंगचा खरखरता आवाज आणि पुलीचे हलणे या तीन खुणा पाहाव्यात. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) चालणारा असेल, तर बेल्ट व पंप एकत्र बदलावेत, कारण मजुरी एकच असते.

कूलंट बदलणे व हवा काढणे

बाजारात कूलंट दोन प्रकारे मिळते: थेट ओतायचे तयार आणि पाणी मिसळायचे घट्ट. तयार मिश्रणात पाणी घालू नये. रंगावरून प्रकार ठरवू नये, कारण रंगांना सर्वमान्य अर्थ नाही; गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. पाणी बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वापरावे.

थंड इंजिनावर हीटर लाल टोकाला ठेवून रेडिएटरच्या तळाचा नळ उघडावा किंवा खालचा पाइप सोडावा आणि निघालेले द्रव टबमध्ये धरून मोजावे. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुवावे. इथे नवखे हमखास चुकतात: धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये बरेच साधे पाणी उरलेले असते, त्यामुळे वरून तयार मिश्रण ओतले तर ते पातळ होते. अशा वेळी पुस्तिकेतील एकूण क्षमतेच्या निम्मे घट्ट कूलंट आधी भरावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी.

भरताना गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवावे, म्हणजे हवा वर येते. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडून त्यातून अखंड धार येईपर्यंत हळूहळू भरावे. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद गतीवर चालवावे, बुडबुडे येत राहतील तसतशी पातळी भरावी, हीटरची हवा सलग गरम येऊ लागली व पाणी काठाशी चढू लागले की झाकण लावावे आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी; थोडी उतरलेली असणे स्वाभाविक आहे, आठवडाभर रोज उतरत राहणे नाही.

कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. उघड्यावर राहिलेला टब कुत्र्या-मांजरांचा व लहान मुलांचा जीव घेऊ शकतो, म्हणून जुने द्रव झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजकडे द्यावे, गटारात ओतू नये. पुण्या-मुंबईहून लेह किंवा स्पितीला गाडी नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी मिश्रणाचे प्रमाण हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून घ्यावे. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि ब्लॉकला तडा देऊ शकते. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते.

हीटरचे स्वतःचे दोष

इंजिन योग्य तापमानाला आहे आणि तरीही आत थंड हवा येते, तर इंजिन व केबिन यांमधील पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन रबरी पाइपांना सावधपणे हात लावावा. दोन्ही गरम असतील तर पाणी जाते आहे; दोष डॅशबोर्डमधील गरम-थंड हवा मिसळणाऱ्या फ्लॅपचा किंवा त्याच्या केबलचा आहे. एक गरम व दुसरा थंड असेल तर जाळी बुजली आहे किंवा वाटेतील व्हॉल्व्ह बंद आहे. बुजलेली जाळी दोन्ही पाइप सोडून, बागेच्या नळीने उलट दिशेने मंद धार सोडून धुता येते. दोन्ही थंड असतील तर हवा अडकली आहे आणि वरची हवा काढण्याची पायरी पुन्हा करावी.

पायाखालचे कार्पेट ओले होण्याची दोन कारणे असतात आणि त्यांत घोटाळा करू नये. पाणी चिकट, गोडसर वासाचे असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके साचत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. पाणी स्वच्छ व बिनवासाचे असेल, तर एसीच्या पाण्याचा निचरा तुंबला आहे आणि ते काम अर्ध्या तासाचे आहे. हीटरची जाळी बदलणे मात्र कित्येक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याचे काम असते. पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणीच्या धुक्यात काच आतून धूसर होते तेव्हा एसी व हीटर एकाच वेळी चालू करावेत: एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर ती हवा गरम करतो आणि काच झपाट्याने साफ होते. आपल्याकडे हीटर सुस्थितीत ठेवण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

हेड गॅस्केट

बाहेर कुठेही गळती नाही, तरी कूलंट कमी होते. थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. टाकीत सतत बुडबुडे येतात. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो. यांतील दोन-तीन खुणा एकत्र आढळल्या तर हेड व ब्लॉक यांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. केवळ झाकणाखालचा थोडा दुधाळ थर थंडीत, लहान लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीतही दिसतो, म्हणून तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. इंजिन उघडण्याआधी टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी करायला सांगावे. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर ते द्रव पिवळे होते.

हे काम नवख्याने स्वतः करू नये, पण करून घेताना कशाचा आग्रह धरावा हे माहीत असावे. उतरवलेले हेड सरळ पट्टी व फीलर गेजने (बारीक फट मोजणाऱ्या पात्यांनी) तपासून घ्यावे, वाकलेले असल्यास फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घ्यावे, तड्यासाठी दाबाची चाचणी मागावी, आणि जिथे कंपनीने हेडचे बोल्ट एकदाच वापरण्याचे सांगितले आहे तिथे नवे बोल्ट घ्यावेत. ज्या मूळ दोषाने इंजिन तापले होते तो, मग पंखा असो वा थर्मोस्टॅट, त्याच वेळी दुरुस्त झाला आहे याची बिलावर नोंद करून घ्यावी. अन्यथा नवे गॅस्केटही त्याच घाटात जाते.